कार्यप्रणालीचे नूतनीकरण, हार्ड डिस्कचे फॉरमॅटिंग आणि महाविद्यालयीन मराठी दस्तऐवज : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात

गोषवारा

संगणकावर नवी कार्यप्रणाली बसविताना हार्ड डिस्क फॉरमॅट करणे ही महाविद्यालयांतील नित्याची बाब आहे. ती तंत्रज्ञाचे काम समजली जाते. परंतु डिस्कवरील माहितीचे मूल्य तंत्रज्ञास नव्हे, तर ती निर्माण करणाऱ्या प्राध्यापकास व कार्यालयास ठाऊक असते. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे स्वरूप, तिच्यात माहिती नष्ट होण्याच्या जागा आणि जुन्या मराठी फाँटमधील दस्तऐवजांचा विशेष प्रश्न यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : कार्यप्रणाली, हार्ड डिस्क, फॉरमॅटिंग, पार्टिशन, युनिकोड, दस्तऐवज-जतन.

प्रस्तावना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार थांबविला. त्यापूर्वी ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीचा आणि १४ जानेवारी २०२० रोजी विंडोज ७ चा आधार संपुष्टात आला होता. आधार संपला म्हणजे संगणक बंद पडत नाही. मात्र सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळणे थांबते आणि आंतरजालाशी जोडलेला संगणक दिवसेंदिवस अधिक असुरक्षित होत जातो. विंडोज १० साठी मर्यादित मुदतीची वाढीव सुरक्षा योजना उपलब्ध करून देण्यात आली असली, तरी ती केवळ सवलतीची मुदत आहे. त्यामुळे महाविद्यालयांची कार्यालये, ग्रंथालये, विभाग आणि प्राध्यापकांचे घरगुती संगणक यांच्यापुढे नूतनीकरणाचा प्रश्न उभा राहतो.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरास या प्रश्नाची एक विशिष्ट पार्श्वभूमी आहे. संगणकीकरण येथे तुलनेने लवकर रुजले. १९८३ मध्ये स्थापन झालेली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका ही नागरी सेवांच्या संगणकीकरणात राज्यातील अग्रणी संस्थांपैकी एक मानली जाते. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाची महाविद्यालये, कल्याणला १९७२ मध्ये स्थापन झालेले बिर्ला महाविद्यालय, डोंबिवलीतील पेंढरकर महाविद्यालय अशा संस्थांमुळे येथे शिक्षणाचे दाट जाळे निर्माण झाले. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि त्यानंतर एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणकसाक्षरता शिक्षक व कर्मचारीवर्गापर्यंत पोहोचविली. ज्या संस्थेने संगणक लवकर स्वीकारला, तिच्याकडे जुन्या धारिकांचा साठाही तितकाच मोठा असतो. नूतनीकरणाचा धोका नेमका या साठ्यास आहे.

उद्दिष्टे

१. कार्यप्रणालीचे नूतनीकरण व फॉरमॅटिंग यांतील भेद स्पष्ट करणे.
२. या प्रक्रियेत माहिती कोठे व कशी नष्ट होते, हे दाखविणे.
३. जुन्या मराठी फाँटमधील दस्तऐवजांच्या जतनाचा विचार करणे.
४. महाविद्यालयांना पाळता येईल असा कार्यक्रम सुचविणे.

नूतनीकरणाचे दोन मार्ग

नवी कार्यप्रणाली दोन प्रकारे बसविता येते. पहिल्या प्रकारात ती जुन्या प्रणालीवरच चढविली जाते. धारिका, प्रोग्राम आणि बहुतेक मांडणी जागच्या जागी राहते. जुन्या प्रणालीचा अंश काही दिवस वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला जातो. विंडोज १० व ११ मध्ये सर्वसाधारणपणे १० दिवस परत फिरता येते. दुसऱ्या प्रकारात कार्यप्रणालीचे पार्टिशन फॉरमॅट करून नवी प्रणाली कोऱ्या जागेवर बसविली जाते. त्यास व्यवहारात 'क्लीन इन्स्टॉल' म्हणतात. येथे परतीची वाट नसते.

दुसरा मार्ग निवडण्यास सबळ कारणे असतात. विषाणूंचा प्रादुर्भाव, अनेक वर्षे साचलेले निरुपयोगी प्रोग्राम, मंदावलेला वेग किंवा डिस्क बदलण्याची गरज असल्यास कोऱ्या जागेपासून आरंभ करणेच श्रेयस्कर ठरते. कित्येकदा तर पहिला मार्ग उपलब्धच नसतो. एक्सपीवरून विंडोज ७ वर थेट चढण्याची सोय नव्हती. तसेच ३२ बिटच्या विंडोजवरून ६४ बिटच्या विंडोजवर धारिका व प्रोग्राम कायम ठेवून जाता येत नाही. विंडोज ११ केवळ ६४ बिट स्वरूपात असल्याने ३२ बिटचे विंडोज १० असलेल्या संगणकास फॉरमॅट अटळ आहे.

परवान्याचा प्रश्नही याच वेळी उद्भवतो. एक्सपीच्या काळात अपग्रेड आवृत्तीची सीडी स्वस्त मिळे. ती कोऱ्या डिस्कवर बसविताना मध्येच जुन्या विंडोजची मूळ सीडी घालून हक्क सिद्ध करावा लागे. जुनी सीडी हरवली असेल तर फॉरमॅट झाल्यानंतर काम तेथेच अडे. विंडोज १० पासून परवान्याची नोंद संगणकाच्या मदरबोर्डाशी जोडून कंपनीकडे राहते. त्यामुळे सक्रिय असलेल्या विंडोज १० वरून त्याच प्रकारच्या विंडोज ११ वर जाताना नवा क्रमांक लागत नाही. विंडोज ७ व ८ च्या परवाना क्रमांकांवर नवी प्रणाली सक्रिय करण्याचा मार्ग मात्र कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला. तात्पर्य, फॉरमॅट करण्यापूर्वी विद्यमान प्रणाली सक्रिय आहे की नाही आणि ती कोणत्या प्रकारची आहे, हे पाहून ठेवणे आवश्यक आहे.

फॉरमॅट म्हणजे नेमके काय?

फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून कोरी करणे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतःच खरा आहे. डिस्कवरील माहितीची तुलना ग्रंथालयाशी करता येईल. कपाटांत पुस्तके असतात आणि तालिकेत त्यांच्या जागांची नोंद असते. 'क्विक फॉरमॅट' ही क्रिया केवळ तालिका फाडून नवी कोरी तालिका ठेवते. पुस्तके कपाटांतच राहतात. नवी पुस्तके त्या जागी येतील तसतशी जुनी नाहीशी होतात. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅटमध्ये मात्र प्रत्येक जागेवर शून्य लिहिले जाते, म्हणून त्यास बराच वेळ लागतो.

या भेदातून परस्परविरुद्ध वाटणारे दोन निष्कर्ष निघतात. चुकून क्विक फॉरमॅट झालेल्या यांत्रिक डिस्कवर त्यानंतर काहीही लिहिले गेले नसेल, तर बरीच माहिती परत मिळू शकते. अशा वेळी संगणक तत्काळ बंद करणे हाच पहिला उपाय होय. याउलट, जुना संगणक भंगारात देताना किंवा दुसऱ्या संस्थेस देताना क्विक फॉरमॅट पुरेसा नसतो. त्यावरील विद्यार्थ्यांची गुणपत्रके, जातीचे दाखले व आधारपत्रांच्या प्रती अन्य व्यक्तीस वाचता येऊ शकतात. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाल्यानंतर ही बाब केवळ सौजन्याची राहिलेली नाही. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुनी यंत्रे नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जावयास हवीत. परंतु तत्पूर्वी माहिती पुसण्याची जबाबदारी संस्थेची असते.

सॉलिड स्टेट डिस्कच्या, म्हणजे एसएसडीच्या बाबतीत स्थिती आणखी निराळी आहे. फॉरमॅट होताच मोकळ्या झालेल्या जागांची सूचना कार्यप्रणाली डिस्कला देते आणि डिस्क त्या जागा स्वतःच रिकाम्या करू लागते. यांत्रिक डिस्कवर जी चूक दुरुस्त होण्याची आशा असे, ती येथे बहुधा उरत नाही.

'डी ड्राइव्ह सुरक्षित आहे' हा समज

विंडोज ९८ च्या काळापासून एक सवय रूढ झाली आहे. डिस्कचे 'सी' व 'डी' असे दोन पार्टिशन करावेत, कार्यप्रणाली 'सी'वर आणि आपल्या धारिका 'डी'वर ठेवाव्यात. संगणक बिघडला की तंत्रज्ञ 'सी' फॉरमॅट करी आणि 'डी' अबाधित राही. या सवयीने अनेकांच्या धारिका वाचविल्या, हे निर्विवाद आहे. परंतु विंडोज ११ कडे जाताना नेमकी हीच सवय घातक ठरू शकते. त्याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

डिस्कवर किती पार्टिशन आहेत आणि ते कोठून कोठपर्यंत आहेत, याची नोंद डिस्कच्या आरंभी एका कोष्टकात असते. या कोष्टकाची जुनी पद्धत एमबीआर व नवी पद्धत जीपीटी या नावाने ओळखली जाते. एमबीआर पद्धतीत चारच मुख्य पार्टिशन करता येतात आणि सुमारे २ टेराबाइटपलीकडील जागा वापरता येत नाही. विंडोज ११ साठी यूईएफआय ही नवी प्रारंभ-व्यवस्था, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, किमान ४ जीबी स्मृती व ६४ जीबी साठा अपेक्षित आहे. आणि यूईएफआय पद्धतीने विंडोज बसविण्यासाठी जीपीटी कोष्टक आवश्यक असते.

जुन्या पद्धतीने चालत आलेल्या संगणकाचे कोष्टक बहुधा एमबीआर असते. फॉरमॅट करून विंडोज ११ बसवू लागल्यास 'या डिस्कवर विंडोज बसविता येत नाही' अशा आशयाचा संदेश येतो. त्यावर सर्वांत झटपट तोडगा म्हणजे सर्व पार्टिशन काढून टाकून डिस्क नव्याने जीपीटी करणे. असे केल्यास 'सी'बरोबर 'डी'ही जातो. तंत्रज्ञाने 'सी फॉरमॅट करतो' असे सांगितलेले असते, प्राध्यापकाने 'माझे सगळे डीमध्ये आहे' असे उत्तर दिलेले असते, आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. तरीही वीस वर्षांच्या धारिका अर्ध्या तासात नाहीशा होतात.

माहिती न गमावता एमबीआरचे जीपीटीत रूपांतर करणारे साधन विंडोज १० च्या २०१७ मधील आवृत्तीपासून उपलब्ध आहे. परंतु डिस्कवर तीनपेक्षा अधिक मुख्य पार्टिशन असल्यास किंवा विस्तारित पार्टिशन असल्यास ते काम करीत नाही. जुन्या काळी 'डी' व 'ई' हे पुष्कळदा विस्तारित पार्टिशनमध्येच केलेले असत. म्हणून साधन उपलब्ध आहे यावर विसंबून न राहता, संपूर्ण डिस्क जाणार आहे असे गृहीत धरूनच प्रती काढणे हा सुरक्षित मार्ग होय.

मराठी फाँटचा प्रश्न

धारिकांच्या प्रती काढल्या म्हणजे काम संपले, असे इंग्रजी दस्तऐवजांबाबत बहुतांशी म्हणता येईल. मराठीबाबत ते खरे नाही.

१९९० च्या दशकापासून २०१० पर्यंत मराठी मजकूर मुख्यतः श्रीलिपी, आकृती, कृतिदेव किंवा पुण्याच्या सी-डॅकने विकसित केलेल्या आयएसएम यांसारख्या साधनांतून टंकलिखित होई. या फाँटमध्ये संगणकाच्या दृष्टीने मजकूर मराठी नसतोच. उदाहरणार्थ, कृतिदेवमध्ये रोमन 'डी' या लहान अक्षराच्या जागी 'क' चे चित्र बसविलेले आहे. संगणक 'डी' साठवितो. वाचकास 'क' दिसतो. प्रत्येक कंपनीची ही जुळणी निराळी होती. फाँट आहे तोवर मराठी दिसते. फाँट गेला की उरते ती निरर्थक रोमन अक्षरांची रांग.

हे फाँट विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, म्हणजे 'सी' पार्टिशनवर असतात. धारिका 'डी'वर सुखरूप राहिल्या तरी 'सी' फॉरमॅट होताच त्यांची लिपी नाहीशी होते. शिवाय काही सॉफ्टवेअर संगणकाच्या मागे लावावयाच्या हार्डवेअर लॉकवर चालत. त्या लॉकचे जुने ३२ बिटचे ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजमध्ये चालत नाहीत, आणि १६ बिटचे जुने प्रोग्राम तर ६४ बिटच्या विंडोजमध्ये मुळीच चालत नाहीत. परिणामी संस्थेकडे परवाना असूनही स्वतःचेच दस्तऐवज वाचता येत नाहीत, अशी स्थिती उद्भवते.

युनिकोड प्रमाणात देवनागरी वर्णांना १९९१ मध्येच स्वतंत्र संकेतांक मिळाले. विंडोज २००० पासून विंडोजमध्ये देवनागरीची सोय झाली. एक्सपीमध्ये ती असूनही मुळात बंद असे. प्रादेशिक मांडणीत जाऊन व बहुधा विंडोजची सीडी घालून ती सुरू करावी लागे. प्रत्येक फॉरमॅटनंतर ही क्रिया पुन्हा करावी लागत असल्याने अनेकांनी ती टाळली आणि जुनेच फाँट चालू ठेवले. व्हिस्टापासून ही अडचण उरली नाही. परंतु तोवर मोठा साठा जुन्या फाँटमध्ये तयार झालेला होता.

या साठ्यात काय आहे, याचा विचार केल्यास प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते. विभागांची इतिवृत्ते, वार्षिकांकांचे मजकूर, चर्चासत्रांतील निबंध, प्रश्नसंच, लघुशोधप्रकल्पांचे अहवाल आणि एम.फिल.चे प्रबंध यांचा त्यात समावेश होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या राष्ट्रीय भांडारात जाऊ लागले. तत्पूर्वीच्या लेखनास, आणि एम.फिल.च्या पुष्कळशा प्रबंधांना, तसे छत्र लाभले नाही. आणि २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद झाली. स्थानिक इतिहास, बोली, लोकसाहित्य, नागरीकरण अशा विषयांवरील असे लेखन अनेकदा एक-दोन बांधीव प्रती आणि एक धारिका एवढ्याच स्वरूपात उरलेले असते. नॅकच्या मूल्यांकनासाठी पाच-पाच वर्षांची माहिती मागितली जाते, तेव्हाही हीच इतिवृत्ते शोधावी लागतात.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आहे. त्या काळी छापलेले पुस्तक हाती आले तर ते वाचण्यास साक्षरतेखेरीज काही लागत नाही. २००३ मध्ये टंकलिखित केलेली धारिका वाचण्यास मात्र त्या वेळचा फाँट, त्या वेळचे सॉफ्टवेअर आणि कधी त्या वेळची कार्यप्रणालीही लागते. शंभर वर्षांपूर्वीचे वाचता यावे आणि वीस वर्षांपूर्वीचे वाचता येऊ नये, हा विरोधाभास डोळ्यांआड करण्याजोगा नाही.

सुचविलेला कार्यक्रम

(अ) पूर्वतयारी : फॉरमॅट ठरविण्यापूर्वी संगणक नव्या प्रणालीस पात्र आहे काय, हे मायक्रोसॉफ्टच्या तपासणी-साधनाने पाहावे. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक सर्व प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. असा संगणक लगेच भंगारात काढण्याचे कारण नाही. उबुंटू किंवा सी-डॅकची 'बॉस' ही लिनक्सवर आधारित प्रणाली बसवून त्याचा उपयोग वाचन, टंकलेखन व आंतरजालासाठी करता येतो. त्यानंतर संगणकावरील प्रोग्रामांची यादी करावी आणि मुद्रक, स्कॅनर, डिजिटल स्वाक्षरीचा टोकन यांचे नवे ड्रायव्हर मिळतात काय, हे पाहावे.

(आ) धारिकांचा शोध : माहिती केवळ 'डी'वर नसते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स व डाउनलोड्स हे फोल्डर 'सी'वर असतात. आउटलुकमधील पत्रव्यवहार, टॅलीची माहिती आणि ब्राउझरमधील खुणा व पासवर्ड हेही बहुधा तेथेच असतात. विंडोजच्या फाँट फोल्डरची संपूर्ण प्रत स्वतंत्रपणे घ्यावी. परवाना असलेल्या फाँटचा वापर मात्र परवान्याच्या मर्यादेतच करावा.

(इ) प्रती : माहितीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर आणि त्यांपैकी एक निराळ्या वास्तूत, हा जगभर मान्य असलेला संकेत आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीच्या पुराने कल्याण व बदलापूर परिसरातील अनेक तळमजले पाण्याखाली गेले. मूळ संगणक आणि त्याची प्रत असलेली डिस्क एकाच कार्यालयाच्या एकाच कपाटात असेल, तर अशा वेळी दोन्ही जातात. 'निराळी वास्तू' या शब्दांचा अर्थ या परिसरास वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. प्रत काढल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे.

(ई) रूपांतर : जुना संगणक चालू असतानाच महत्त्वाच्या मराठी दस्तऐवजांच्या, फाँट अंतर्भूत केलेल्या पीडीएफ प्रती कराव्यात, त्यांतून मजकुराचे दृश्य रूप कायम राहते. त्यानंतर रूपांतरकाच्या साह्याने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठविला जाई. युनिकोडमध्ये हा क्रम उलट आहे. त्यामुळे रूपांतरात वेलांट्या, रफार व जोडाक्षरे यांत चुका राहतात आणि पीडीएफ प्रत समोर ठेवून मुद्रितशोधन करावे लागते. हे काम भाषेच्या जाणकाराचे आहे. मराठी विभागाने ते स्वीकारणे उचित होईल.

(उ) प्रत्यक्ष स्थापना : किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर स्थापना-साधन तयार करावे, तसे करताना पेनड्राइव्हवरील मजकूर पुसला जातो, हे लक्षात ठेवावे. प्रती असलेली बाह्य डिस्क संगणकापासून काढून ठेवावी, कारण स्थापनेच्या यादीत डिस्क नावाने नव्हे तर क्रमांकाने व आकाराने दिसतात आणि गफलत सहज होते. वीज खंडित होण्याची शक्यता ध्यानी घेऊन यूपीएस जोडलेला असावा. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून कोऱ्या स्थापनेनंतर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यास अनेक संगणकांवर डिस्क आपोआप कूटबद्ध होते. तिची पुनर्प्राप्ती-किल्ली व्यक्तिगत खात्यात नव्हे, तर संस्थेच्या नोंदवहीत असावी. अन्यथा कर्मचारी निवृत्त झाल्यावर पुढील दुरुस्तीच्या वेळी डिस्क उघडता येणार नाही.

(ऊ) पश्चात कार्य : प्रणालीच्या सर्व दुरुस्त्या घेऊन मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक सुरू करावा आणि त्यानंतरच धारिका परत आणाव्यात. जुनी डिस्क काढून नवी बसविली असल्यास जुनी किमान एक सत्र जपून ठेवावी. परीक्षा, प्रवेश आणि वार्षिक अहवाल असे एक पूर्ण चक्र गेल्याशिवाय काय राहून गेले, हे कळत नाही.

समारोप

कार्यप्रणाली बदलण्याचा हा प्रसंग शेवटचा नाही. एक्सपी, विंडोज ७ व विंडोज १० यांच्याप्रमाणे विंडोज ११ चाही आधार एक दिवस संपेल. प्रत्येक वेळी फॉरमॅट करावे लागेल आणि प्रत्येक वेळी काही हरविण्याचा संभव राहील. मात्र जुन्या मराठी फाँटचा प्रश्न एकदाच सोडवावयाचा आहे. युनिकोडमध्ये आलेला मजकूर कोणत्याही प्रणालीवर, कोणत्याही फाँटमध्ये वाचता व शोधता येतो. ज्या संगणकांवर जुने फाँट व सॉफ्टवेअर अद्याप चालतात, त्यांची संख्या प्रत्येक नूतनीकरणाबरोबर घटत जाणार आहे. म्हणून महाविद्यालयांनी संगणक तंत्रज्ञाकडे सोपविण्यापूर्वी प्रत्येक विभागाकडून दस्तऐवजांची यादी मागवावी, तिच्यावर विभागप्रमुखाची स्वाक्षरी घ्यावी आणि त्यानंतरच फॉरमॅटची अनुमती द्यावी. फॉरमॅट तंत्रज्ञाने करावा; परंतु काय राखावयाचे, हा निर्णय विद्याक्षेत्राचा आहे आणि तो विद्याक्षेत्रानेच घ्यावयास हवा.